‘सध्याची पोस्ट’ नेमकी कोणती? वर्डप्रेस थीममध्ये पोस्टचा आयडी मिळवताना

वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालीची थीम, म्हणजे संकेतस्थळाचे रूप ठरवणारा कोड, लिहिताना पोस्टच्या आयडीची गरज पदोपदी पडते. लेखाला जोडलेले कस्टम फील्ड, म्हणजे त्याच्याविषयीची जादा माहिती, वाचायचे असो, लेखाखाली त्याच विषयावरचे इतर लेख दाखवायचे असोत, एखादी स्टाइलशीट ठरावीक पानावरच लोड करायची असो की शीर्षपट्टीत त्या पानाचे चित्र लावायचे असो, प्रत्येक वेळी पहिला प्रश्न हाच असतो की सध्याच्या पोस्टचा आयडी काय आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधायला गेले की बहुधा एकच ओळ हाती पडते: गेट_द_आयडी() हे फंक्शन वापरा. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे, आणि थीममधील अनेक गूढ वाटणाऱ्या चुका याच अपुरेपणातून निर्माण होतात, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्डप्रेसमध्ये एकाच पानावर, एकाच क्षणी, दोन वेगवेगळ्या पोस्ट ‘सध्याच्या’ असू शकतात. वाचकाने ज्या पत्त्यावर येऊन जे मागितले ती एक, आणि वर्डप्रेस या घडीला जिचा मजकूर छापत आहे ती दुसरी. आपल्याला यांपैकी कोणती हवी आहे हे ठरवल्याखेरीज फंक्शनची निवड करू नये, हे मला येथे सविस्तर मांडायचे आहे.

वाचनाच्या सोयीसाठी फंक्शनांची आणि फाइलींची नावे मी देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत आणि मधल्या अधोरेषांसह लिहायची असतात.

प्रथम आयडी म्हणजे काय ते पाहू. डेटाबेसमध्ये पोस्ट साठवण्याचा जो तक्ता असतो, त्यातील प्रत्येक ओळीला डेटाबेस आपोआप चढता क्रमांक देतो. तोच त्या पोस्टचा आयडी. या तक्त्यात केवळ लेख नसतात. स्थिर पाने, मीडिया लायब्ररीत चढवलेली चित्रे, मेनूमधील घटक आणि लेखांच्या जतन झालेल्या जुन्या आवृत्त्या हे सारे त्याच एका तक्त्यात राहते. त्यामुळे आज प्रकाशित केलेल्या लेखाचा आयडी १२० असला तर उद्याच्या लेखाचा १२१ असेलच असे नाही. मधले क्रमांक दोन छायाचित्रांनी आणि चार आवृत्त्यांनी घेतलेले असतात. नवख्या मंडळींना क्रमांकांतील ही तफावत पाहून काही लेख हरवल्याची शंका येते, ती निराधार असते. मात्र या रचनेतून एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी निघते: आयडीवरून लेखांचा क्रम, त्यांची संख्या किंवा ‘पुढचा लेख’ यांपैकी काहीही ठरवता येत नाही.

आता गेट_द_आयडी() आत काय करते ते पाहू. हे फंक्शन २००७ साली आलेल्या २.१ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. त्याचे भावंड द_आयडी() हे त्याहून जुने, थेट २००३ सालच्या ०.७१ आवृत्तीपासूनचे आहे. दोघांतील फरक एवढाच की द_आयडी() क्रमांक पानावर छापते आणि गेट_द_आयडी() तो आपल्या हाती देते; म्हणून अट तपासण्यासाठी किंवा दुसऱ्या फंक्शनला पुरवण्यासाठी नेहमी गेट_द_आयडी() हेच वापरावे लागते. गेट_द_आयडी() आतून गेट_पोस्ट() या फंक्शनला कोणताही आयडी न देता बोलावते, आणि गेट_पोस्ट() ला काहीच दिले नाही तर ते पोस्ट या नावाच्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सगळ्या कोडला दिसणाऱ्या सामाईक कप्प्यात, त्या क्षणी जे असेल ते परत करते. तेथे काही सापडले तर त्याचा आयडी मिळतो, अन्यथा फॉल्स ही किंमत मिळते. या फंक्शनला वाचकाने उघडलेला पत्ता, चालू असलेले टेम्प्लेट (पानाची मांडणी करणारी फाइल) किंवा मुख्य क्वेरी (त्या पत्त्यासाठी डेटाबेसमधून पोस्ट मागवणारी विचारणा) यांच्याशी कोणतेही थेट देणेघेणे नाही. ते फक्त एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये डोकावते. म्हणून खरा प्रश्न असा विचारायला हवा की त्या व्हेरिएबलमध्ये पोस्ट कोण ठेवते आणि केव्हा बदलते.

वाचकाने पत्ता उघडला की वर्डप्रेस त्या पत्त्याचा अर्थ लावते, मुख्य क्वेरी चालवते, आणि टेम्प्लेट लोड होण्यापूर्वीच मिळालेल्या पोस्टपैकी पहिली पोस्ट ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवून देते. एका लेखाच्या पानावर क्वेरीतून एकच पोस्ट येते, त्यामुळे पहिली पोस्ट हीच वाचकाला हवी असलेली पोस्ट असते आणि गेट_द_आयडी() लूपच्या, म्हणजे मिळालेल्या पोस्ट एकेक करून छापणाऱ्या फेऱ्यांच्या, बाहेर, अगदी पानाचा वरचा भाग छापणाऱ्या हेडर.पीएचपी मध्येसुद्धा, बरोबर उत्तर देते. ‘हे फंक्शन फक्त लूपमध्येच चालते’ असे जे सांगितले जाते ते म्हणून काटेकोरपणे खरे नाही. मात्र ‘लूपच्या बाहेर त्याच्यावर विसंबू नये’ हा सल्ला खरा आहे. कारण दहा लेखांची यादी दाखवणाऱ्या कॅटेगरीच्या पानावर हेडरमध्ये हेच फंक्शन बोलावले तर यादीतील पहिल्या लेखाचा आयडी मिळतो. लूप सुरू झाला की प्रत्येक फेरीत द_पोस्ट() पुढची पोस्ट त्या व्हेरिएबलमध्ये ठेवते. लूप संपल्यावर तेथे शेवटची पोस्ट उरते, आणि फूटरमध्ये विचारले तर त्या शेवटच्या लेखाचा आयडी मिळतो. एकाच पानावर वर एक उत्तर, खाली दुसरे, आणि दोन्हींचा वाचकाने मागितलेल्या कॅटेगरीशी काहीही संबंध नाही.

याचे सर्वाधिक आढळणारे उदाहरण लेखांच्या यादीसाठी नेमलेल्या पानाचे आहे. वाचनविषयक सेटिंगमध्ये मुखपृष्ठ म्हणून एक स्थिर पान आणि लेखांच्या यादीसाठी दुसरे, समजा ‘लेखसंग्रह’ नावाचे, पान नेमण्याची सोय असते. त्या ‘लेखसंग्रह’ पानाला संपादक मोठ्या हौसेने शीर्षचित्र लावतो. थीमच्या हेडरमध्ये गेट_द_आयडी() वापरून चित्र मागवलेले असते. प्रत्यक्षात पानावर ताज्या लेखाचे चित्र झळकते, आणि नवा लेख प्रकाशित झाला की तेही बदलते. संपादकाला वाटते आपण लावलेले चित्र जतनच झाले नाही. चित्र जतन झालेले असते. थीमने भलत्याच पोस्टचे चित्र मागितलेले असते.

अशा ठिकाणी लागते ते गेट_क्वेरीड_ऑब्जेक्ट_आयडी() हे फंक्शन, जे २०११ सालच्या ३.१ आवृत्तीपासून उपलब्ध आहे. हे फंक्शन ग्लोबल पोस्टकडे न पाहता मुख्य क्वेरीला विचारते की वाचकाने मुळात काय मागितले होते. एका लेखाच्या किंवा पानाच्या बाबतीत ते त्या लेखाचा किंवा पानाचा आयडी देते, ‘लेखसंग्रह’सारख्या पानावर यादीतील पहिल्या लेखाचा नव्हे, त्या पानाचाच आयडी देते, मुखपृष्ठ म्हणून नेमलेल्या स्थिर पानावर त्या पानाचा देते. खाली किती लूप चालले आणि त्यांनी ग्लोबल व्हेरिएबलमध्ये काय काय भरून ठेवले याचा त्याच्यावर परिणाम होत नाही. वर्डप्रेसचा स्वतःचा गाभाही स्थिर पानासाठी कोणते टेम्प्लेट वापरायचे हे ठरवताना याच फंक्शनला विचारतो.

पंगतीचे उदाहरण घेतले तर हा भेद चटकन उमगतो: पंगत कोणासाठी मांडली आहे हे गेट_क्वेरीड_ऑब्जेक्ट_आयडी() सांगते, आणि वाढपी या क्षणी कोणाच्या पानासमोर उभा आहे हे गेट_द_आयडी() सांगते.

परंतु गेट_क्वेरीड_ऑब्जेक्ट_आयडी() लाही एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. कॅटेगरीच्या पानावर ते त्या कॅटेगरीचा आयडी देते, आणि लेखकाच्या पानावर त्या लेखकाच्या खात्याचा. कॅटेगरी, सदस्य आणि पोस्ट यांचे तक्ते वेगवेगळे असल्यामुळे ७ हा क्रमांक एका कॅटेगरीचाही असू शकतो, एका सदस्याचाही आणि एका जुन्या पानाचाही. हा क्रमांक पोस्टचा समजून कस्टम फील्ड वाचणाऱ्या गेट_पोस्ट_मेटा() ला दिला, तर कोणताही इशारा न देता ७ क्रमांकाच्या भलत्याच पोस्टची माहिती पानावर उमटते. चूक लक्षात येण्यास महिने लागू शकतात, कारण बहुतेक कॅटेगरींच्या क्रमांकाशी जुळणाऱ्या पोस्टमध्ये ते फील्डच नसते आणि सारे काही सुरळीत असल्यासारखे दिसते. यावर उपाय सोपा आहे. आधी इज_सिंग्युलर() ने हे पान एकाच पोस्टचे आहे याची खात्री करावी आणि मगच तो क्रमांक पोस्टचा आयडी म्हणून वापरावा. ‘लेखसंग्रह’सारख्या पानासाठी इज_होम() ची अट वेगळी तपासावी. तारखेनुसार संग्रह, शोधाचे निकाल, न सापडलेले पान आणि ताज्या लेखांची यादी दाखवणारे मुखपृष्ठ या ठिकाणी हे फंक्शन शून्य देते. ते योग्यच आहे, कारण तेथे वाचकाने कोणतीही एक वस्तू मागितलेली नसते.

या दोन्ही उत्तरांची पडताळणी ब्राउझरमध्येच करता येते. थीममध्ये बॉडी_क्लास() वापरलेले असेल तर पानाचा स्रोत उघडल्यावर बॉडी या टॅगच्या क्लासमध्ये लेखासाठी ‘पोस्टआयडी’ आणि पानासाठी ‘पेज-आयडी’ या शब्दांपुढे क्रमांक दिसतो. तो मागितलेल्या वस्तूचा असतो. बहुतेक थीममध्ये आर्टिकल या टॅगवर द_आयडी() ने छापलेला क्रमांक असतो. तो लूपमधील पोस्टचा असतो. एका लेखाच्या पानावर हे दोन क्रमांक वेगळे दिसले तर मधल्या कोणत्यातरी कोडने ग्लोबल पोस्ट बदलून ठेवली आहे असे खुशाल समजावे. थीम तपासताना मी सर्वप्रथम हेच पाहतो, आणि पुष्कळदा पुढचा शोध करावाच लागत नाही.

ग्लोबल पोस्ट बदलून ठेवणारे कोड म्हणजे बहुतेक वेळा दुय्यम लूप. लेखाखाली ‘हेही वाचा’ असा विभाग असतो आणि त्यासाठी डब्ल्यूपी_क्वेरीची नवी वस्तू तयार करून तिचा लूप चालवलेला असतो. त्या लूपमधील द_पोस्ट() प्रत्येक फेरीत ग्लोबल व्हेरिएबलमध्ये संबंधित लेख ठेवत जाते. लूप संपल्यावर डब्ल्यूपी_रीसेट_पोस्टडेटा() हे फंक्शन बोलावले नाही, तर तेथे ‘हेही वाचा’मधला शेवटचा लेख तसाच राहतो, आणि त्यापुढचा सगळा कोड त्यालाच सध्याची पोस्ट मानतो. एका संकेतस्थळावर वाचकांचे अभिप्राय भलत्याच लेखाखाली जमा होत असल्याची तक्रार माझ्याकडे तपासण्यासाठी आली होती. कारण नेमके हेच होते. अभिप्रायांचे टेम्प्लेट ‘हेही वाचा’च्या खाली होते, ते आपल्या कामासाठी ग्लोबल पोस्टचा आयडी घेते, आणि अर्जातील लपलेल्या फील्डमध्येही तोच आयडी जातो. वाचकाने एका लेखावर मनापासून लिहिलेला प्रतिसाद दुसऱ्याच लेखाखाली प्रसिद्ध होणे ही केवळ तांत्रिक उणीव नव्हे. लिहिणाऱ्याचे म्हणणे संदर्भापासून तोडले जाते आणि मूळ लेख लिहिणाऱ्यालाही आपल्याला प्रतिसाद आला आहे हे कळत नाही. हे सारे एका ओळीच्या अभावी घडते, म्हणून दुय्यम लूप लिहायला घेताना तो बंद करणारी ही ओळ आधी लिहून ठेवावी असा माझा आग्रह असतो.

याच प्रसंगी सेटअप_पोस्टडेटा() विषयी सांगणे आवश्यक आहे. गेट_पोस्ट्स() ने पोस्टची यादी मिळवून ती फॉरईच ने फिरवणारे अनेक जण प्रत्येक फेरीत हे फंक्शन बोलावतात आणि आता गेट_द_आयडी() योग्य उत्तर देईल असे धरून चालतात. हे फंक्शन पोस्टची पाने, लेखक, तारीख इत्यादी माहिती तयार करते, पण ग्लोबल पोस्ट व्हेरिएबल स्वतः बदलत नाही. म्हणून फॉरईचमधील व्हेरिएबलचे नाव ‘आयटम’ असे काही ठेवले तर प्रत्येक फेरीत जुन्याच पोस्टचा आयडी आणि जुनेच शीर्षक मिळत राहते. नाव ‘पोस्ट’च ठेवावे लागते, आणि हा कोड एखाद्या फंक्शनच्या आत असेल तर त्या फंक्शनच्या सुरुवातीला ते व्हेरिएबल ग्लोबल म्हणून घोषितही करावे लागते. मला स्वतःला अशा वेळी ही सगळी उठाठेव टाळणे अधिक पसंत आहे. यादीतील प्रत्येक वस्तूजवळ तिचा आयडी असतोच. तो थेट घेऊन गेट_द_टायटल(), गेट_परमालिंक() यांना पुरवला की ग्लोबल व्हेरिएबलला हात लावण्याची वेळच येत नाही.

लूपच्या आत लूप असेल तर आणखी एक बारकावा येतो. डब्ल्यूपी_रीसेट_पोस्टडेटा() नेहमी मुख्य क्वेरीच्या पोस्टकडे परत नेते. समजा बाहेरच्या दुय्यम लूपमध्ये पाच व्याख्याने आहेत आणि प्रत्येक व्याख्यानाखाली त्याच्या वक्त्यांची यादी आतल्या लूपने काढली आहे. आतला लूप संपल्यावर हे फंक्शन बोलावले की आपण बाहेरच्या लूपमधील व्याख्यानाकडे न येता थेट मुख्य पानाकडे पोहोचतो, आणि त्या फेरीचा उरलेला भाग चुकीच्या आयडीने चालतो. येथे बाहेरच्या क्वेरी वस्तूची स्वतःची रीसेट_पोस्टडेटा() ही मेथड वापरावी, ती ३.७ या आवृत्तीपासून आहे. क्वेरी_पोस्ट्स() हे जुने फंक्शन मात्र थीममध्ये वापरूच नये. ते मुख्य क्वेरीच बदलून टाकते, त्यामुळे गेट_क्वेरीड_ऑब्जेक्ट_आयडी() चे उत्तरही बिघडते आणि दोन्ही बाजूंचा आधार सुटतो.

चुकीच्या ठिकाणाइतकीच चुकीची वेळही घातक ठरते. फंक्शन्स.पीएचपी ही फाइल मुख्य क्वेरी चालण्यापूर्वी लोड होते. म्हणून तिच्यात कोणत्याही फंक्शनच्या बाहेर, मोकळ्या जागी गेट_द_आयडी() लिहिले तर फॉल्स मिळते, आणि इनिट या हुकवरही (हुक म्हणजे वर्डप्रेसच्या कामात आपला कोड जोडण्याचा ठरावीक टप्पा) तीच गत होते. पोस्टचा आयडी पहिल्यांदा विश्वासाने मिळतो तो डब्ल्यूपी या नावाच्या हुकवर, म्हणजे क्वेरी पूर्ण होऊन ग्लोबल व्हेरिएबल भरल्यानंतर. त्यापुढे येणारे टेम्प्लेट_रीडायरेक्ट, डब्ल्यूपी_एनक्यू_स्क्रिप्ट्स आणि डब्ल्यूपी_हेड हे तिन्ही हुक सुरक्षित आहेत. त्यामुळे ‘या पानावरच ही स्टाइलशीट’ असा निर्णय डब्ल्यूपी_एनक्यू_स्क्रिप्ट्स वर घ्यावा आणि तेथे मागितलेल्या वस्तूचा आयडी तपासावा.

ॲजॅक्सच्या, म्हणजे पान पुन्हा न उघडता पाठवलेल्या विनंतीच्या, बाबतीत तर मुख्य क्वेरीच नसते. वाचकाने लेखावरील ‘आवडले’ची कळ दाबली की विनंती ॲडमिन-ॲजॅक्स.पीएचपी कडे जाते, आणि त्या विनंतीला कोणता लेख उघडला होता याची काहीही कल्पना नसते. रेस्ट या, इतर प्रोग्रामना माहिती पुरवणाऱ्या, मार्गाने आलेली विनंतीही मुख्य क्वेरी चालण्याआधीच हाताळली जाते. म्हणून पान तयार होतानाच आयडी त्यात लिहून ठेवावा, कळेच्या डेटा ॲट्रिब्यूटमध्ये किंवा डब्ल्यूपी_ॲड_इनलाइन_स्क्रिप्ट() ने, आणि विनंतीसोबत तो परत पाठवावा. ब्राउझरकडून आलेला हा क्रमांक कोणीही बदलू शकतो. तो ॲबसइंट() मधून शुद्ध करून घ्यावा, त्या क्रमांकाची पोस्ट आहे का आणि ती प्रकाशित आहे का ते पाहावे, आणि काही बदल करायचा असेल तर विनंती करणाऱ्याला तो अधिकार आहे का हेही तपासावे. हे टाळणाऱ्या थीममधून अप्रकाशित मसुदे बाहेर पडू शकतात, म्हणून येथे कोणतीही सवलत घेऊ नये असे मला वाटते.

आयडी मिळाला नाही तर काय होते, हा भाग माहितीपुस्तकांतून फारसा येत नाही, पण माझ्या मते तो फार महत्त्वाचा आहे. गेट_पोस्ट() ला शून्य किंवा फॉल्स दिले तर ते चूक दाखवत नाही. रिकामे काहीतरी आले असे समजून ते ग्लोबल पोस्ट परत करते. गेट_द_टायटल() आणि गेट_परमालिंक() यांचेही तसेच. समजा एका लेखाला जोडलेल्या पुस्तकाचा आयडी आपण कस्टम फील्डमधून घेतला आणि ते फील्ड रिकामे निघाले, तर ‘संबंधित पुस्तक’ या शीर्षकाखाली त्याच लेखाचे नाव आणि त्याच लेखाचा दुवा छापला जातो. दिसायला सारे नीट असते, अर्थ मात्र चुकलेला असतो. म्हणून आयडी हाती आल्यावर तो शून्याहून मोठा आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये.

दुसरी शांतपणे होणारी चूक अक्षरांच्या आकाराची आहे. पोस्ट वस्तूमधील आयडी हे नाव रोमन मोठ्या अक्षरांत आहे. पीएचपीमध्ये फंक्शनांच्या नावांत लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, परंतु वस्तूच्या गुणधर्मांत पडतो. लहान अक्षरांत लिहिले तर पीएचपीने सूचना द्यायला हवी अशी आपली अपेक्षा असते. पण वर्डप्रेसची पोस्ट वस्तू अनोळखी नाव आले की ते कस्टम फील्डचे नाव असावे असे धरून त्याचा शोध घेते आणि न सापडल्यास रिकामा मजकूर परत करते. सूचना येत नाही, पान थांबत नाही, फक्त आयडी रिकामा येतो. आणि तो वर सांगितलेल्या फंक्शनांत गेला की दोन्ही चुका एकत्र येतात.

मराठी संकेतस्थळांसाठी आयडीला अधिक महत्त्व आहे, आणि त्याचे कारण लिपीत आहे. पोस्टचा स्लग, म्हणजे पत्त्यात येणारे तिचे नाव, जास्तीत जास्त २०० वर्णांचे असू शकते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांतील प्रत्येक, साठवताना टक्केचिन्हांच्या रूपात ९ वर्ण घेते. म्हणजे जेमतेम २२ चिन्हांनंतर मराठी स्लग तुटतो. ‘महाराष्ट्रातील कातळशिल्पे’ हे साधे दोन शब्दांचे शीर्षकही पूर्ण बसत नाही. स्लग ‘महाराष्ट्रातील-कातळशिल्’ येथे जोडाक्षराच्या मध्येच संपतो. ‘महाराष्ट्रातील कातळशिल्पांचा अभ्यास’ असा दुसरा लेख लिहिला तर तोही त्याच ठिकाणी तुटतो, आणि दोन सारखे स्लग चालत नसल्यामुळे त्याच्या शेवटी २ हा आकडा जोडला जातो. अशा स्लगवरून थीममध्ये पान ओळखणे, म्हणजे इज_पेज() ला मराठी नाव देणे, फार नाजूक काम आहे. आयडीला लिपीची अडचण नाही. क्लासच्या नावांतही हाच अनुभव येतो. पोस्ट_क्लास() लेखाच्या कॅटेगरीचा स्लग क्लासमध्ये घालते, परंतु क्लासच्या नावातून टक्केचिन्हांचे गट काढून टाकले जातात, आणि देवनागरी स्लगचे त्यानंतर काहीच उरत नसल्यामुळे वर्डप्रेस तेथे कॅटेगरीचा आयडी वापरते. इंग्रजी संकेतस्थळासाठी लिहिलेले सीएसएस मराठी कॅटेगरीला लागू होत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

याचा अर्थ आयडी थीमच्या कोडमध्ये आकड्याने लिहून ठेवावा असा नाही. चाचणीच्या संकेतस्थळावर ‘संपर्क’ पानाचा आयडी ४२ असेल आणि प्रत्यक्ष संकेतस्थळावर ४२ हे एखादे छायाचित्र असेल. एकाच स्थापनेत अनेक संकेतस्थळे चालवणाऱ्या मल्टिसाइटमध्ये तर प्रत्येक संकेतस्थळाचा पोस्टचा तक्ता स्वतंत्र असतो आणि तेच क्रमांक पुन्हा पुन्हा येतात. मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही पाने असलेल्या संकेतस्थळावर भाषांतरित पान ही सहसा वेगळ्या आयडीची वेगळी पोस्ट असते. पॉलिलँग हे बहुभाषिक प्लगइन वापरात असेल तर पीएलएल_गेट_पोस्ट() ला एका भाषेतील आयडी आणि हवी ती भाषा दिली की दुसरीचा आयडी मिळतो. ठरावीक पान हवेच असेल तर ते कस्टमायझर या थीमच्या सेटिंगच्या पडद्यावरील निवडीतून संपादकाला निवडू द्यावे आणि त्याचा आयडी सेटिंगमध्ये जतन करावा.

सगळे पान ब्लॉक नावाच्या तुकड्यांतून मांडणाऱ्या ब्लॉक थीम आल्यानंतर पीएचपीच्या टेम्प्लेट फाइली कमी झाल्या, पण प्रश्न तोच राहिला. सर्व्हरवर रेंडर होणारा स्वतःचा ब्लॉक लिहिताना ब्लॉक.जेसन मध्ये ‘युजेस कॉन्टेक्स्ट’ या यादीत पोस्टआयडी मागून घ्यावा. मग रेंडर करणाऱ्या फंक्शनच्या तिसऱ्या आर्ग्युमेंटमधील कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ब्लॉकला बाहेरून मिळणाऱ्या माहितीत, तो मिळतो. ही सोय ५.५ आवृत्तीपासून आहे. ब्लॉक क्वेरी लूपच्या आत असेल तर त्या फेरीतील पोस्टचा आयडी येतो, बाहेर असेल तर वर्डप्रेस ग्लोबल पोस्टचाच आयडी कॉन्टेक्स्टमध्ये भरते. म्हणजे एखाद्या प्लगइनने आधी लूप चालवून तो रीसेट केला नसेल तर ब्लॉकलाही भलताच आयडी मिळतो, आणि बॉडीच्या क्लासमधील क्रमांकाशी तो ताडून पाहण्याची वर सांगितलेली पद्धत येथेही तितकीच उपयोगी पडते. साइट एडिटरमध्ये टेम्प्लेट संपादित करताना मात्र समोर कोणतीही पोस्ट नसते. कॉन्टेक्स्टमध्ये पोस्टआयडी येतच नाही, म्हणून ब्लॉकने आयडीची वाट पाहत रिकामे राहण्याऐवजी तेथे नमुन्याचा मजकूर दाखवावा, म्हणजे टेम्प्लेट मांडणाऱ्याला त्या ब्लॉकची जागा आणि आकार पाहता येतो.